गिळण्याची तपासणी: घोटभर पाण्याआधी आणि त्यानंतर

पॅरालिसिसचा झटका येऊन वॉर्डात दाखल झालेल्या पेशंटचे नातेवाईक आधी हाताचं विचारतात, मग बोलण्याचं, आणि लगेच पुढचा प्रश्न येतो: "थोडा चहा दिला तर चालेल का?" याचं उत्तर बऱ्याच ठिकाणी अंदाजानेच दिलं जातं. चमचाभर पाणी पाजायचं, ठसका लागला नाही तर जेवण सुरू करायचं. ही पद्धत का फसते, आणि तिच्याऐवजी पेशंटच्या खाटेशी नेमकं काय करायचं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. लेख मुख्यतः नव्या स्पीच थेरपिस्टसाठी आणि वॉर्डातल्या सिस्टरांसाठी आहे. घरी पेशंट सांभाळणाऱ्यांना शेवटचा, जेवणाचा भाग जास्त उपयोगी पडेल. मात्र पाण्याची चाचणी त्यांनी स्वतःच्या मनाने करू नये.

उदाहरण झटक्याच्या पेशंटचंच धरलं आहे. तपासणीची पद्धत बदलली की आकडा बदलतो, पण ढोबळमानाने झटका आलेल्यांपैकी निम्म्या लोकांना सुरुवातीच्या दिवसांत गिळायला त्रास होतो. त्यातल्या बऱ्याच जणांचा तो काही आठवड्यांत कमी होतो. तेवढ्या काळात फुफ्फुसं सांभाळली गेली पाहिजेत.

घास जातो कसा

घशात हवेची वाट आणि अन्नाची वाट एकमेकींना छेदतात. श्वासनलिका पुढे असते, अन्ननलिका तिच्या मागे. म्हणजे प्रत्येक घास श्वासाच्या दारावरून किंवा त्याच्या दोन्ही बाजूंनी जातो, आणि तेवढ्या क्षणी ते दार बंद असावं लागतं.

तोंडातलं काम आपल्या ताब्यातलं असतं. ओठ मिटतात, गाल घासाला दातांखाली ढकलत राहतात, जीभ तो फिरवते, लाळ त्याला एकजीव करते. मग जिभेचं टोक टाळूला टेकतं आणि घास मागे सरकतो. तो जिभेच्या मुळाशी पोचला की पुढचं सगळं आपोआप घडतं आणि साधारण एका सेकंदात संपतं. मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. श्वास थांबतो. हायॉइड हे छोटं हाड आणि त्याला लटकलेलं स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळलात तर ही हालचाल हाताला कळते. स्वरतंतू मिटतात, त्यांच्या वरचा भाग आवळला जातो, आणि एपिग्लॉटिसची पट्टी मागे झुकून दारावर येते. जिभेचं मूळ मागे रेटतं, घशाची भिंत वरून खाली आवळत जाते, अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला क्रिकोफॅरिंजियस स्नायू सैल पडतो आणि घास खाली उतरतो. त्यानंतर बहुतेक वेळा आपण उच्छ्वास सोडतो. चुकून काही कण दाराशी राहिलेच तर ते बाहेर फेकले जावेत, अशी ही योजना आहे.

यातली एक गोष्ट विद्यार्थी हमखास विसरतात. अन्ननलिकेचं तोंड नुसतं सैल पडून पुरेसं उघडत नाही. स्वरयंत्र वर-पुढे सरकतं तेव्हा ते त्याला ओढून उघडतं. म्हणून स्वरयंत्राची हालचाल तोकडी पडली तर दोन बिघाड एकदम होतात: श्वासाचं दार नीट मिटत नाही आणि अन्नाचं नीट उघडत नाही. मग घास जिभेच्या मुळामागच्या खोबणीत, व्हॅलेक्युलात, किंवा स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंच्या पायरीफॉर्म सायनस या खळग्यांत साचतो, आणि पेशंटने पुढचा श्वास घेतला की हळूच श्वासनलिकेत उतरतो. ठसका घोटाबरोबर न लागता थोडा उशिराने लागला, तर संशय या साचलेल्या अन्नावर घ्यावा.

अन्ननलिका प्रौढ माणसात सुमारे २५ सेंटिमीटरची. तिथून घास पोटात जायला साधारण ८ ते २० सेकंद लागतात.

या सगळ्याची सूत्रं लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाशी असतात. कामाला लागतात त्या कवटीतल्या पाचव्या, सातव्या, नवव्या, दहाव्या आणि बाराव्या नसा. लंबमज्जेच्या बाजूच्या भागात झटका आला, ज्याला वॉलेनबर्ग सिंड्रोम म्हणतात, तर हातापायाची ताकद शाबूत असूनही पेशंटला थुंकीसुद्धा गिळता येत नाही. "हात-पाय तर चांगले चालतात, मग जेवायला काय हरकत आहे?" असं कोणी म्हणालं तर हा पेशंट आठवावा. मोठ्या मेंदूचाही यात हात आहे. १९९६ मध्ये शाहीन हमदी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की घशाच्या स्नायूंवर मेंदूच्या दोन्ही बाजूंचा ताबा सारखा नसतो, एक बाजू वरचढ असते. त्यामुळे एकाच आकाराच्या झटक्यानंतर एकाचं गिळणं जातं, दुसऱ्याचं टिकतं. दुखापत न झालेली बाजू हळूहळू काम उचलते, तेव्हा गिळणं परत येतं.

आधी केसपेपर, मग गप्पा

झटका कुठे आणि किती मोठा, ताप आहे का, छातीच्या एक्स-रेमध्ये खालच्या भागात काही दिसतं का, झोपेचं किंवा गुंगीचं औषध चालू आहे का, आधी कधी घशाचं ऑपरेशन किंवा किरणांचा शेक झाला होता का, एवढं वाचूनच खाटेशी जा. मग नातेवाइकांशी बोला. "गिळायला त्रास आहे का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं. त्याऐवजी विचारा: जेवायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो का? पाण्याने ठसका लागतो की पोळीने? नाकातून पाणी येतं का? गालात अन्न राहतं का? जेवल्यावर आवाज घरघरतो का? गोळ्या कशाबरोबर घेतात? वजन उतरलंय का, कपडे सैल झालेत का?

पाण्याने ठसका आणि पोळीने नाही, तर बिघाड बहुधा तोंड-घशातला, नसांशी संबंधित. उलट, घास गिळून झाल्यावर छातीत अडकतो, आधी पोळी अडकायची, आता मऊ भातही अडकतो, असं कोणी सांगितलं तर त्याला आपल्या तपासणीत अडकवून ठेवू नका. अन्ननलिका अरुंद होत असण्याची ती खूण आहे. कॅन्सर नाही ना हे बघायला दुर्बीण लागते, आणि तीही लवकर. घन आणि पातळ दोन्ही पहिल्यापासून अडकत असतील तर अन्ननलिकेच्या हालचालीचा आजार असू शकतो. तो पेशंटही पोटाच्या डॉक्टरांकडेच जायला हवा.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: तंबाखू, गुटखा, सुपारी, मिश्री? गुटख्याने तोंडाची आतली कातडी ताठ झालेली असते, तोंड पुरतं उघडत नाही. पेशंटला स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालायला सांगा. ती जात नसतील तर घास चावण्याची अडचण झटक्याच्या आधीपासूनचीच असू शकते.

तोंडात काही घालण्याआधी

तपासणीतला खरा ऐवज इथे आहे. घाईही नेमकी इथेच केली जाते.

पेशंट जागा आहे का? हाक मारल्यावर डोळे उघडून पंधराएक मिनिटं लक्ष देऊ शकत नसेल तर आज पाणी नाही, उद्या पुन्हा. बसू शकतो का? पाठ सरळ, कंबर खुर्चीच्या किंवा खाटेच्या मागे टेकलेली, हनुवटी वर गेलेली नाही. श्वास मिनिटाला तिसाच्या आसपास किंवा जास्त असेल तर थांबा. गिळण्यासाठी श्वास क्षणभर रोखावा लागतो, आणि धापणाऱ्या माणसाला ते जमत नाही.

मग टॉर्च आणि हातमोजे. कवळी आहे का, सैल आहे का? जिभेवर पांढरा थर, टाळूला चिकटलेली वाळकी लाळ, गालात सकाळचं औषध? आधी तोंड स्वच्छ करा, ओलं करा, मगच पुढे. हे काम मावशींवर सोडून देण्यासारखं नाही. लँगमोर आणि सहकाऱ्यांच्या १९९८ मधल्या अभ्यासात न्यूमोनियाशी जोडल्या गेलेल्या गोष्टींत किडलेले दात होते, तोंड साफ करायला दुसऱ्यावर अवलंबून असणं होतं, आणि दुसऱ्याच्या हाताने जेवणं होतं. फुफ्फुसात काय उतरलं यापेक्षा ते कसल्या तोंडातून उतरलं, याला पुष्कळदा जास्त महत्त्व असतं.

आता नसा. दात ओठांनी झाकून ओठ घट्ट मिटायला सांगा, गाल फुगवायला सांगा. हवा कोपऱ्यातून सुटते तिथूनच पाणीही सुटणार. जीभ बाहेर काढून बघा: ती ज्या बाजूला वळते ती बाजू कमजोर. जिभेने दोन्ही गाल आतून ढकलायला सांगून बाहेरून बोटाने विरोध करा. "आऽऽ" म्हणायला लावून मऊ टाळू बघा: पडजीभ सशक्त बाजूकडे ओढली जाते. त्याच "आऽऽ"चा आवाज ऐका. घोगरा, हवा सुटल्यासारखा असेल तर स्वरतंतू नीट मिटत नसावा. घरघरता, पाणी भरल्यासारखा असेल तर लाळ स्वरतंतूंवरच साचलेली आहे, आणि स्वतःची लाळ ज्याला हटवता येत नाही त्याला चहा देण्याचा प्रश्नच येत नाही.

जोरात खोकायला सांगा. कमजोर खोकला म्हणजे काही आत गेलं तर बाहेर यायची शक्यता कमी.

घशाला बोट लावून उलटीची भावना येते का हे बघायची जुनी सवय मात्र सोडून द्या. १९९५ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांपैकी ३७ टक्क्यांना ती मुळात आलीच नाही, तरी ते सगळे व्यवस्थित जेवत होते. उलट, ती भावना आहे म्हणून गिळणं सुरक्षित, असंही नसतं. "गॅग प्रेझेंट, ओरल सुरू करा" ही केसपेपरवरची ओळ अजूनही दिसते, आणि ती पाहून दर वेळी चिडचिड होते.

शेवटी लाळ गिळायला सांगा आणि चार बोटं मानेवर हलकेच ठेवा: तर्जनी हनुवटीखाली, मधलं बोट हायॉइडवर, उरलेली दोन कंठमण्याच्या वरच्या आणि खालच्या कडेवर. सांगितल्यापासून किती वेळाने हालचाल सुरू होते आणि स्वरयंत्र किती वर येतं ते कळतं. जपानमध्ये वापरतात ती साधी कसोटीही इथेच करून घ्या: ३० सेकंदांत तीन वेळा लाळ गिळता आली नाही तर सावध व्हा.

पाणी

इथवर सगळं बरं असेल तरच पाणी. हाताशी सक्शन, म्हणजे घशातलं पाणी-लाळ ओढून काढणारं यंत्र, हवं. साधं पाणी घ्या. दूध किंवा सरबत नको. थोडं पाणी आत गेलंच तर फुफ्फुस त्याला बऱ्यापैकी सोसतं.

चमच्याने ५ मिली, तीन वेळा. प्रत्येक घोटानंतर "आऽऽ" म्हणायला लावा आणि थांबा. ठसका, घसा खाकरणं, आवाज बदलणं, डोळ्यांत पाणी, श्वास वाढणं, एका घोटाला तीन-चार वेळा गिळणं, ओठांतून किंवा नाकातून पाणी येणं, यातलं काहीही दिसलं की थांबा आणि लिहून ठेवा. पुन्हा करून खात्री करून घेण्याचा मोह टाळा. हे पार पडलं तर पेल्याने १०, मग २०, मग ५० मिली. त्यानंतर ९० मिली पाणी न थांबता पिऊन दाखवायची चाचणी. पिताना थांबावं लागलं, किंवा पिऊन झाल्यावर मिनिटभरात खोकला आला, आवाज ओला झाला, तर नापास. १९९२ पासून ही चाचणी वापरात आहे. तिच्यात पास झालेला पेशंट बहुधा खरोखर सुरक्षित असतो. पण नापास होणाऱ्यांतले पुष्कळ जण प्रत्यक्षात ठीक असतात. म्हणून नापास म्हणजे "तोंडाने काहीच नाही" असा शिक्का मारू नये, पुढची तपासणी करावी.

काही रुग्णालयांत ऑस्ट्रियात तयार झालेली २००७ ची 'गस' ही २० गुणांची पद्धत चालते. तिच्यात आधी लाळ, मग दाटसर पदार्थ, मग पाणी आणि शेवटी घन, असा क्रम असतो. झटक्याच्या ताज्या पेशंटला पाण्यापेक्षा दाटसर घास सांभाळायला सोपा जातो, हे त्यामागचं कारण. तुमच्या वॉर्डात जी पद्धत ठरली आहे ती सगळ्यांनी सारखीच वापरावी. दर सिस्टरची निराळी पद्धत असेल तर कालची नोंद आज कुणाच्या कामाची राहत नाही.

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ठसका लागला नाही, म्हणजे आत काही गेलं नाही, असं समजू नका. स्वरयंत्राची संवेदना बोथट झाली असेल तर पाणी स्वरतंतूंच्या खाली उतरतं आणि पेशंट शांत बसून असतो. डोकं हलवून "अजून द्या" म्हणतो. खाटेशी बसून हे ओळखायची खात्रीची पद्धत नाही. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर त्यासाठी भरवशाचा नाही, मानेवर ठेवलेला स्टेथोस्कोपही नाही. पुढचे काही दिवस ताप, छातीतली घरघर, वाढलेला श्वास यांवर लक्ष ठेवा. आधीच्या पायऱ्यांवर कमजोर खोकला आणि ओला आवाज सापडला असेल, तर पाणी "बिनठसक्याचं" प्यायला म्हणून निश्चिंत होऊ नका.

कॅमेरा आणि एक्स-रे

शंका उरली की दोन रस्ते. एक फीस, म्हणजे नाकातून घातलेल्या बारीक दुर्बिणीतून गिळणं बघणं. लँगमोर यांनी १९८८ मध्ये ही पद्धत मांडली. ती खाटेशी करता येते, किरण लागत नाहीत, रोजचंच जेवण वापरता येतं, साचलेली लाळ आणि उरलेलं अन्न स्पष्ट दिसतं. नेमक्या गिळण्याच्या क्षणी मात्र पडदा पांढरा होतो आणि काही दिसत नाही. दुसरा रस्ता व्हिडिओफ्लुरोस्कोपीचा: बेरियम मिसळलेला घास ओठांपासून अन्ननलिकेपर्यंत एक्स-रेच्या चलचित्रात. त्यात गिळण्याचा क्षणही दिसतो, पण पेशंटला एक्स-रे विभागात न्यावं लागतं आणि किरणांमुळे वेळ मोजून वापरावा लागतो. निष्कर्ष सहसा रोझेनबेक यांच्या १९९६ च्या आठ पायऱ्यांच्या मापात लिहितात: १ म्हणजे श्वासाच्या वाटेत काहीच नाही, ८ म्हणजे स्वरतंतूंच्या खाली गेलं आणि पेशंटने बाहेर काढायचा प्रयत्नही केला नाही.

लहान शहरात यातलं काही मिळत नाही, असं मानून चालू नका. कान-नाक-घसा विभागात बारीक लवचिक दुर्बीण असेल आणि डॉक्टर व थेरपिस्ट दोघं मिळून बसले, तर फीससाठी वेगळ्या मोठ्या यंत्राची गरज नसते. या तपासण्यांचा आणखी एक उपयोग: हनुवटी छातीकडे घेतल्याने किंवा मान कमजोर बाजूला वळवल्याने या पेशंटला फायदा होतो का, हे प्रत्यक्ष बघता येतं. सगळ्यांना सरसकट "मान खाली घालून गिळा" सांगणं बरोबर नाही. काहींचं त्याने बिघडतं.

निष्कर्ष स्वयंपाकघरात नेताना

"सॉफ्ट डाएट" एवढं लिहिलं की घरी काहीही शिजतं. दाटपणाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी इड्सी नावाने ओळखली जाते, आणि तिची चाचणी १० मिलीच्या सिरिंजवर करता येते. दट्ट्या काढा, सिरिंजच्या खालच्या तोंडाला बोट लावा, १० मिलीपर्यंत पदार्थ भरा, बोट काढून १० सेकंद वाहू द्या, मग परत बंद करा. १ मिलीहून कमी उरलं तर पातळ, १ ते ४ उरलं तर पायरी १, ४ ते ८ उरलं तर पायरी २, ८ हून जास्त पण थोडंतरी वाहिलं तर पायरी ३. काहीच वाहिलं नाही तर त्या पदार्थाचा दाटपणा सिरिंजऐवजी चमच्यावर घेऊन बघायचा. सिरिंजवर शून्यापासून दहापर्यंतची लांबी ६१.५ मिलिमीटर आहे ना, हे एकदा पट्टीने मोजून घ्या. सगळ्या कंपन्यांच्या सिरिंज सारख्या नसतात. मोजायचं ते वाढताना जेवढं गरम असतं तेवढ्या गरमपणी, कारण पेज आणि नाचणीची आंबील थंड झाली की दाट होते. आणि पेशंटच्या तोंडातला चमचा परत वाटीत बुडवत राहिलं तर लाळेतल्या घटकाने पिठाचा दाटपणा तुटतो, वाटीच्या तळाशी पातळ पाणी उरतं.

दाट पाणी लिहून देतानाही हात आखडता ठेवा. त्याने श्वासनलिकेत जाणं कमी होतं, पण घशात जास्त उरतं, लोकांना ते आवडत नाही आणि ते पाणीच कमी पितात. उन्हाळ्यात त्यातून वेगळाच त्रास उभा राहतो.

आपल्या जेवणातला खरा धोका तिखटात किंवा तेलात नाही, घन आणि पातळ एकत्र असण्यात आहे. आमटी-भात, दुधात कुस्करलेली पोळी, अर्धवट भिजलेली खारी: तोंड घन भाग चावत बसतं, तेवढ्यात पातळ भाग घशात निघून जातो. भात आमटीत मऊ कालवून एकजीव करा, खाली पाणी सुटता कामा नये. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी तूप घालून घोटली तर चांगली चालते. साबुदाण्याची खिचडी नको, मणी चिकट आणि वर दाण्याचा कूट. पोहे, चिवडा, कोरडी इडली, शेंगदाणे अजून लांब ठेवा. आइस्क्रीम आणि बर्फ तोंडात पातळ होतो, हे शहाण्यासुरत्या माणसांच्याही लक्षात येत नाही.

भरवणाऱ्याने बसावं. उभं राहून भरवलं की पेशंट मान वर करतो आणि श्वासाचं दार उघडं पडतं. जमत असेल तर पेशंटच्याच हातात चमचा देऊन त्याचा हात धरा. जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवा, गालात काही उरलं नाही ना ते टॉर्चने बघा. झोपलेल्या माणसाच्या तोंडात बाटलीच्या झाकणाने नारळपाणी सोडणाऱ्या मावशी-काकूंना प्रेमाने पण ठामपणे थांबवा. गोळ्या कुटून द्यायच्या असतील तर फार्मासिस्टला विचारूनच द्या. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात.

रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटापर्यंत जाणारी अन्नाची नळी, घातली म्हणजे गिळण्याचा प्रश्न मिटला, असं नातेवाइकांना वाटतं. लाळ अजूनही घशातूनच जाते, आणि पोटातलं वरही येऊ शकतं. नळी असलेल्या पेशंटचं तोंडही तेवढ्याच वेळा घासायचं, डोक्याकडची बाजू उचललेली ठेवायची.

ऑस्ट्रेलियातल्या, २०११ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात ताप, साखर आणि गिळणं या तीन गोष्टींवर सिस्टरांनी ठरवून लक्ष ठेवलं, तेव्हा ९० दिवसांनी मृत्यू किंवा परावलंबन यांचं प्रमाण कमी आढळलं. त्यासाठी फार महाग यंत्रं लागली नव्हती. आपल्या केसपेपरवर मात्र गिळण्याची नोंद एका शब्दात संपते. निदान एवढं लिहा: किती जागा होता, कसा बसवला, खोकला कसा, आवाज आधी आणि नंतर, काय किती मिली दिलं, कशाला काय झालं, आज तोंडाने काय चालेल आणि कुणाच्या देखरेखीखाली. त्याखाली पुढच्या तपासणीची तारीख. सुरुवातीच्या दिवसांत ती एक-दोन दिवसांपलीकडची नसावी, कारण पेशंट इतक्या लवकर सुधारतो किंवा बिघडतो की सोमवारचा निर्णय गुरुवारी लागू राहीलच असं नाही.